म्हातारी डोरोथी होती का?

आलेला प्रश्न थोडा आटोपशीर करून देते :

"आम्ही 9 वर्षं इंग्लंडमध्ये आहोत. मुलगा 15 वर्षांचा. त्याच्या जिवलग मित्राची आई विक्कन आहे, स्वतःला सरळ ‘विच’ म्हणवते. बाई स्वभावाने फार चांगली. त्यांच्या घरी ऐकून आणि मोबाईलवर पाहून मुलगा आता जेवताना सांगतो की येशू नावाचा माणूस झालाच नाही, ती मिथ्राची आणि होरसची नक्कल, ख्रिसमस-ईस्टर चोरीचे, चेटकिणींचा धर्म सगळ्यांत जुना आणि चर्चने त्यातल्या 90 लाख बायका जाळल्या. आम्ही ना ख्रिस्ती ना पेगन (म्हणजे युरोपातले ख्रिस्तपूर्व देव मानणारे), पण पोरगं चुकीचं काही डोक्यात घेऊन बसू नये एवढंच. यातलं खरं किती? आणि त्या बाईंशी या विषयावर कसं बोलावं?"

मी मूळची साताऱ्याची. इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत 27 वर्षं ‘आर. ई.’ शिकवलं. म्हणजे धर्मशिक्षण. पण त्या तासाला श्रद्धा शिकवायची नसते. लोक कशावर श्रद्धा ठेवतात आणि का ठेवतात, ते शिकवायचं असतं. येशू खरंच होता का, हा प्रश्न नववीच्या वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारायचंच, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर वर्गात सुतळी बॉम्ब लावल्याचा आनंद असायचा. तुमच्या मुलाचा चेहरा मला इथूनही दिसतो आहे.

तुम्ही येशूबद्दल विचारलंत, पण मी आधी डोरोथीची गोष्ट सांगते. विक्कामधली आहे, आणि येशूच्या वादात जे जे होतं ते सगळं तिच्यात लहान मापात होऊन गेलं आहे.

विक्का, म्हणजे स्वतःला विच म्हणवणाऱ्यांचा हा पेगन धर्म, जगासमोर आला 1954 साली, जेराल्ड गार्डनर या निवृत्त कस्टम अधिकाऱ्याच्या पुस्तकातून. गृहस्थांचा जन्म 1884 चा. उमेदीची वर्षं सिलोन, बोर्निओ आणि मलायात गेली, आधी चहा-रबराच्या मळ्यांवर आणि मग सरकारी नोकरीत. मलायी लोकांचा जो नागमोडी खंजीर असतो, क्रिस, त्यावर त्यांनी चांगलं अभ्यासून लिहिलं होतं. 1936 साली निवृत्त होऊन ते परतले आणि पुढे दक्षिण किनाऱ्यावर हायक्लिफला राहायला गेले. शेजारच्या गावाचं नाव, गंमत बघा, क्राइस्टचर्च. तिथल्या एका गूढवादी नाटकमंडळीत त्यांच्या काही ओळखी झाल्या आणि सप्टेंबर 1939 मध्ये, महायुद्ध सुरू होता होता, एका श्रीमंत बाईच्या घरी आपल्याला दीक्षा मिळाली असं त्यांचं सांगणं. कसली दीक्षा? तर पुरातन काळापासून लपूनछपून चालत आलेल्या चेटकिणींच्या धर्माची. त्या बाईचं नाव ‘म्हातारी डोरोथी’. आडनाव क्लटरबक.

जादूटोण्याचं ढोंग करणाऱ्याला शिक्षा देणारा 1735 चा कायदा इंग्लंडात 1951 पर्यंत होता. तो रद्द झाल्यावर गार्डनर उघड बोलू लागले. डोरोथीही 1951 लाच वारली. म्हणजे तिला विचारायची सोय राहिली नव्हती.

पुढे 1980 च्या सुमारास जेफ्री बर्टन रसेल या अमेरिकन इतिहासकाराने लिहिलं की ही डोरोथी प्रत्यक्षात होती याला काही पुरावाच नाही. जाऊन 30 वर्षंही झाली नव्हती आणि बाई काल्पनिक ठरायला आली! ते डोरीन व्हॅलिएंट यांना लागलं. या स्वतः गार्डनरच्या शिष्या, 1953 मध्ये दीक्षा घेतलेल्या, आणि विक्कातले उत्तमातले उत्तम मंत्र त्यांच्याच हातचे. त्या कामाला लागल्या. जुन्या पत्त्यांच्या याद्या, लग्नाची नोंद, मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र. जन्माची नोंद इंग्लंडात नव्हती, असणार कशी? वडील ब्रिटिश हिंदी सैन्यात अधिकारी. डोरोथी 1880 साली आपल्याकडे जन्मली आणि तिचा बाप्तिस्मा अंबाल्याच्या सेंट पॉल चर्चमध्ये झाला. (ते चर्च 1965 च्या युद्धात बॉम्ब पडून उद्ध्वस्त झालं. भिंती अजून उभ्या आहेत.) 1984 मध्ये हा सगळा शोध छापून आला. डोरोथी होती. वाद मिटला.

मिटला कुठला! आता पुढचं ऐका. डोरोथीच्या 1942-43 च्या डायऱ्या सापडल्या. ब्रिस्टल विद्यापीठाच्या रोनल्ड हटन यांनी त्या वाचल्या. फुलं, पाखरं, कविता, हाताने काढलेली जलरंगातली चित्रं. चेटूक कुठेच नाही. बाई स्थानिक हुजूर पक्षाच्या आणि अँग्लिकन चर्चच्या आधारस्तंभ! हटन यांचा अंदाज असा की गार्डनरला ज्या दुसऱ्या बाईंना लपवायचं होतं, त्यांच्यावरचं लक्ष उडवण्यासाठी त्याने या प्रतिष्ठित बाईचं नाव पुढे केलं. त्या दुसऱ्या बाईला मंडळीत ‘दाफो’ म्हणत. फिलिप हेसल्टन या अभ्यासकाला त्याच डायऱ्यांतल्या पऱ्यांच्या आणि ऋतूंच्या कवितांत लपलेली पेगन भावना दिसली; पण दाफोचं महत्त्व त्यांनाही मान्य आहे.

म्हणजे प्रश्न दोन निघाले. ‘होती का?’ हा एक. ‘तिच्याबद्दल जे सांगतात ते तिने केलं का?’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सरकारी दप्तरात मिळालं. दुसऱ्याचं दप्तरात मिळण्यासारखं नाही. मोबाईलवर जे फिरतं त्यात हे दोन प्रश्न एकात कालवलेले असतात, आणि माझी सगळी नोकरी ते वेगळे काढण्यात गेली.

आपल्याकडे हे झालेलं आहे, म्हणून तुम्हाला अवघड जाऊ नये. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने लेख लिहून खळबळ उडवली होती की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव वेगळे आणि आळंदीला समाधी घेतलेले, अभंग रचणारे वेगळे. ज्ञानेश्वर झालेच नाहीत असं त्यांचं म्हणणं नव्हतं. ‘तेच का हे?’ असं होतं. बहुतेक अभ्यासकांनी पुढे तो तर्क बाजूला ठेवला. पण वाद घालायचा कसा, याचा तो नमुना आहे : भाषा काढा, पंथ काढा, गावं काढा, एकेक ताडून बघा.

आता येशू.

एक अपेक्षा आधीच सोडून द्या. पहिल्या शतकातल्या गालीलमधल्या सुताराचा जन्मदाखला मिळणार नाही. त्या काळच्या त्या मुलखातल्या जवळपास कोणाचाच मिळत नाही. ज्याने येशूला क्रुसावर दिलं तो पंतय पिलात तर रोमन सुभेदार, मोठा अधिकारी. तरी त्याचं नाव कोरलेला दगड 1961 मध्ये सापडला, कैसरियाच्या नाट्यगृहात, तोही जिन्याची पायरी म्हणून उलटा वापरलेला. सुभेदाराची ही गत, तर सुताराची काय असेल?

मग आहे काय? सगळ्यांत जुनी आहेत पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकाची पत्रं, साधारण इ. स. 50 ते 60 मधली, म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांची. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल एक साधी गोष्ट सांगतो : मी यरुशलेमेस गेलो, केफाजवळ (म्हणजे येशूचा शिष्य पेत्र) 15 दिवस राहिलो, आणि प्रभूचा भाऊ याकोब सोडून दुसरा कोणी प्रेषित मला दिसला नाही. हे वाक्य धर्मोपदेशाचं नाही. आपण कुठे उतरलो आणि कोण भेटलं, एवढाच हिशोब आहे. जो माणूस झालाच नाही, त्याचा भाऊ भेटत नाही. येशू काल्पनिक मानणारे म्हणतात, ‘भाऊ’ म्हणजे पंथबंधू. असेल, पण मग त्याच ओळीतला केफा प्रभूचा भाऊ का नाही? मला हा बचाव लंगडा वाटतो.

दुसरा साक्षीदार जोसीफस. हा यहुदी इतिहासकार, ख्रिस्ती नाही. इ. स. 93-94 च्या सुमारास लिहितो. त्याच्या ग्रंथात येशू दोनदा येतो. एका ठिकाणी ‘तो मसीहा होता’ वगैरे इतकं भक्तिभावाचं आहे की पुढच्या ख्रिस्ती नकलकारांनी त्यात हात मारला हे उघड दिसतं. मूळ मजकूर किती आणि घुसडलेला किती, यावर अजून भांडणं आहेत. मुलाला मोबाईलवर दाखवतात ते एवढंच. दुसरा उल्लेख दाखवत नाहीत. त्यात जोसीफस इ. स. 62 मधल्या एका प्रकरणाबद्दल लिहितो : मुख्य याजकाने काही जणांना दगडमार करवली, त्यात ‘ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ याकोब’ होता. जाता जाता आलेलं, कोरडं. पुन्हा तोच भाऊ!

तिसरा रोमन टॅसिटस, साधारण 116 साली. नीरोच्या काळात रोमला आग लागली, तिचं खापर ख्रिस्ती लोकांवर फोडलं, हे सांगताना तो लिहितो की हे नाव ज्या ख्रिस्तावरून आलं, त्याला तिबेरियसच्या काळात पिलाताने देहदंड दिला. टॅसिटसला ही मंडळी अजिबात आवडत नव्हती. त्याने तसं शिवीसारखं लिहिलं आहे. आता त्याला ही माहिती रोमन दप्तरातून मिळाली की ख्रिस्ती लोकांच्याच तोंडून, ते सांगता येत नाही, म्हणून मी त्याला पौलाइतकं वजन देत नाही.

आणि एक तर्क वर्गात नेहमी पटायचा. आपण गोष्ट रचतो तेव्हा आपल्याला अडचणीची गोष्ट रचत नाही. येशूने योहान नावाच्या उपदेशकाकडून बाप्तिस्मा घेतला असं शुभवर्तमानं, म्हणजे बायबलातली येशूची चरित्रं, सांगतात. योहानाचा बाप्तिस्मा पापांच्या क्षमेसाठी! देवाच्या पुत्राला तो कशाला? मत्तयाच्या शुभवर्तमानात तर योहान स्वतःच संकोचून नको म्हणतो. लिहिणाऱ्याची पंचाईत ओळीओळीत दिसते. तसंच क्रुसाचं. ही गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची लाजिरवाणी शिक्षा, आणि झाडावर टांगलेला माणूस शापित, असं यहुदी नियमशास्त्रच सांगतं. तारणहार रचायला बसलेल्याने असा शेवट रचला नसता. तो झाला होता, सगळ्यांना ठाऊक होता, म्हणून तो घेऊन पुढे जावं लागलं.

येशू ही निव्वळ कल्पना, हे मत नवीन नाही. जर्मनीत ब्रूनो बाउअरने एकोणिसाव्या शतकात आणि आर्थर ड्रेव्ज याने 1909 साली ते मांडलं. आजही रिचर्ड कॅरियरसारखे लोक हिरिरीने मांडतात. पण प्राचीन इतिहासाचे बहुसंख्य अभ्यासक, त्यांतले निरीश्वरवादीही, येशू नावाचा गालीलकर उपदेशक होता आणि पिलाताच्या हुकमाने मारला गेला, इतकं धरून चालतात. बार्ट एरमन स्वतः श्रद्धाळू नाहीत, तरी 2012 मध्ये त्यांनी याच मुद्द्यासाठी अख्खं पुस्तक लिहिलं. पाण्यावर चालणं, मेलेल्याला उठवणं, पुनरुत्थान हा सगळा दुसरा प्रश्न. इतिहासाच्या तासाला तो सुटत नाही, आणि ‘माणूस होता’ म्हटल्याने तो आपोआप खराही ठरत नाही. हे ख्रिस्ती पालकांना सांगताना मला जास्त जपावं लागायचं, पेगन पालकांना कमी.

नकलेचं बघू. मिथ्रा हे नाव तुम्हाला परकं वाटायचं कारण नाही. सूर्यनमस्काराचं पहिलंच नाव ‘ॐ मित्राय नमः’. वेदातला मित्र, इराणचा मिथ्र आणि रोमन सैनिकांचा मिथ्रास यांचं मूळ नाव एक. मात्र रोमन पंथ हे प्रकरणच वेगळं. त्यांचा मिथ्रास कुमारिकेच्या पोटी आला नाही, तो खडकातून बाहेर आला. शिल्पांत खडक फोडून निघालेला तरुण स्पष्ट दिसतो. तो बैल मारतो. क्रुसावर जात नाही. त्याचा जन्म 25 डिसेंबरचा, असं सांगणारा एकही प्राचीन पुरावा नाही. इजिप्तच्या होरस देवाचं तर विचारूच नका. इसिस देवीने मेलेल्या नवऱ्याचे, ओसिरिसचे, तुकडे गोळा करून त्याच्यापासून होरस मिळवला. याला कौमार्य म्हणायचं तर शब्दकोश बदलावा लागेल. त्याचे 12 शिष्य, त्याचं क्रुसावर मरण, यातलं इजिप्तच्या लेखांत काही नाही. हे साम्य बरंचसं एकोणिसाव्या शतकातल्या जेराल्ड मॅसी या इंग्लिश कवीने जुळवलं, आणि त्यानंतर लोक एकमेकांचं बघून लिहीत गेले.

ख्रिसमसच्या तारखेत मात्र तुमच्या मुलाच्या हाती थोडं काही लागतं. सम्राट ऑरेलियनने 274 साली रोममध्ये अजिंक्य सूर्याचं मोठं मंदिर बांधलं. 354 सालची एक रोमन दिनदर्शिका नकलांमधून आपल्यापर्यंत आली आहे. तिच्यात 25 डिसेंबरला ‘अजिंक्याचा जन्म’ आणि त्यानिमित्त रथांच्या 30 शर्यती, अशी नोंद आहे. त्याच संग्रहात दुसऱ्या यादीत त्याच तारखेला ख्रिस्ताचा बेथलेहेममध्ये जन्म आहे. दोन्ही एकाच बाडात! मग कोणी कोणाचं घेतलं? एक गट म्हणतो, ख्रिस्ती लोकांनी सूर्याचा दिवस उचलला. दुसरा म्हणतो, 25 मार्चला गर्भधारणा मानली की 9 महिने मोजून 25 डिसेंबर येतोच, सूर्य हवा कशाला? मला दोन्हींत थोडं थोडं तथ्य दिसतं. येशूचा खरा जन्मदिवस बायबलात कुठेच नाही, त्यामुळे ‘चोरी’ म्हणायला मुळात मालकीच कोणाची ठरत नाही. ईस्टरबद्दल एवढंच सांगते की पुष्कळ युरोपीय भाषांत त्या सणाचं नाव पेसाह या यहुदी सणावरून आलं आहे. इंग्लिशमधलं नाव एओस्त्रे नावाच्या देवतेवरून पडलं असं बीड या मठवासीयाने 725 साली लिहिलं, आणि ती देवता आपल्याला त्या एका उल्लेखापुरतीच ठाऊक आहे. मोबाईलवर जोडतात त्या बाबिलोनच्या इश्तार देवीशी तिचा संबंध नाही.

या इश्तारची गंमत अशी की ती पेगनांनी आणलीच नाही. अलेक्झांडर हिस्लॉप हा स्कॉटलंडचा कडवा प्रोटेस्टंट पाळक. रोमन कॅथलिकांचे सण बाबिलोनचे आहेत हे ‘सिद्ध’ करायला त्याने 1850 च्या दशकात हा घाट घातला. त्याच्याही दोनशे वर्षं आधी, 1647 मध्ये, इंग्लंडच्या पार्लमेंटने ख्रिसमसवर बंदी आणली होती, कारण प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंटांना तो सण कॅथलिक आणि मूर्तिपूजकी वाटे. म्हणजे तुमचा मुलगा पेगनांचं म्हणून जे सांगतो, ते मुळात कट्टर ख्रिस्ती माणसांनी दुसऱ्या ख्रिस्ती माणसांना मारलेले टोमणे आहेत.

चेटकिणींच्या धर्माचं मूळ काढायला मार्गारेट मरेकडे जावं लागतं. जन्म कलकत्त्याचा, 1863. इजिप्तच्या प्राचीन इतिहासातलं काम पक्कं. 1921 मध्ये तिने मांडलं की युरोपात ज्यांना चेटकीण म्हणून मारलं ते सगळे एका जुन्या, ख्रिस्तपूर्व, शिंगवाल्या देवाच्या धर्माचे अनुयायी होते. 1929 पासून पुढची कित्येक वर्षं ब्रिटानिका विश्वकोशातला ‘विचक्राफ्ट’वरचा लेखही तिचाच, त्यामुळे लोकांना ते सिद्ध झाल्यासारखंच वाटलं. 1975 मध्ये नॉर्मन कोन यांनी तिची अवतरणं मूळ कागदांशी लावून पाहिली. तिने काय केलं होतं? छळ करून घेतलेल्या कबुलीजबाबांतून मेजवानीचा आणि नाचाचा भाग ठेवला होता, आणि त्याच कबुलीतला उडत गेल्याचा, जनावर झाल्याचा भाग टिंब-टिंब देऊन गाळला होता. उरलं ते खऱ्या सभेच्या वृत्तांतासारखं दिसणारच. वर्गात मी हे फळ्यावर करून दाखवायची. अख्खं वाक्य लिहायचं, मग डस्टरने मधला भाग पुसायचा.

90 लाखांचा आकडाही असाच. जर्मनीत क्वेडलिनबुर्गच्या फोग्ट नावाच्या गृहस्थाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या गावच्या जुन्या दप्तरातले थोडे खटले घेतले, त्यांना शतकांनी आणि युरोपच्या लोकसंख्येने गुणलं, आणि उत्तर काढलं : 94 लाख 42 हजार 994. शेवटचे 994 बघून तरी कोणाला शंका यायला हवी होती. आज अभ्यासक देहदंडाचा आकडा साधारण 40 ते 60 हजार धरतात. तोही भयंकरच आहे, फुगवायची गरज नाही. मेलेल्या बहुतेक बायका होत्या, पण पुष्कळ पुरुषही होते, आणि शिक्षा बऱ्याच ठिकाणी चर्चने नाही तर राजाच्या आणि गावच्या न्यायालयांनी दिल्या. आणि त्या पेगन नव्हत्या. त्या आपापल्या गावच्या ख्रिस्ती बायका होत्या, रविवारी चर्चला जाणाऱ्या, शेजाऱ्यांशी वाकडं आलेल्या.

इतकं वाचून तुम्हाला वाटेल, मग मित्राच्या आईचा धर्म सगळा खोटाच. थांबा. एक प्रसंग सांगते.

एका मुलाने वहीत लिहिलं होतं : माझ्या आईचा धर्म 25,000 वर्षं जुना आहे. मी समासात हिरव्या पेनाने प्रश्नचिन्ह केलं. पालकसभेला त्याची आई आली, गळ्यात चांदीची पंचकोनी चांदणी, हातात तीच वही. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होते. बाईंनी वही समोर ठेवली आणि हसत म्हणाल्या, "25,000 नाही हो, 1954. माझा धर्म माझ्या आईपेक्षा लहान आहे. मीच सांगते त्याला." पुढे त्यांनी 1 मेच्या बेल्टेन या सणाला घरी बोलावलं. मागच्या अंगणात जुन्या वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये जाळ केला होता, भोकांतून ठिणग्या उडत होत्या, आणि 9 माणसं गोल उभी राहून देवीचं आवाहन वाचत होती. त्यातला बराचसा भाग व्हॅलिएंटबाईंनी 1950 च्या दशकात लिहिलेला. गार्डनरच्या पोथीत अॅलिस्टर क्राउली या इंग्लिश गूढवादी लेखकाच्या ओळी जशाच्या तशा आहेत हे या व्हॅलिएंटबाईंनीच ओळखलं होतं. मी हळूच विचारलं, कोणी कधी लिहिलं ते माहीत असताना कसं वाटतं? त्या म्हणाल्या, छान लिहिलंय ना, म्हणून वाचतो. मला आमच्या आत्याची आठवण झाली. लग्नाच्या आठ दिवस आधी बसून तिने मंगलाष्टका रचल्या होत्या, त्यात वराच्या पगाराचाही उल्लेख होता, आणि लग्न लागलं.

सगळे पेगन असे नसतात. अजूनही काही जण मरेला धरून बसलेले भेटतात. पण विक्काची मुळं खणून काढण्यात पेगन माणसांचाच मोठा हात आहे, आणि हटन यांचा 1999 चा अभ्यास पुष्कळ पेगनांनीच कौतुकाने वाचला. स्वतःच्या धर्माची स्थापनाकथा खरी नाही हे कळल्यावर तो सोडून न देता पुढे नेणारी इतकी माणसं मी दुसरीकडे फार पाहिली नाहीत. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये साधारण 74 हजार लोकांनी धर्म ‘पेगन’ लिहिला आणि 13 हजारांनी ‘विक्का’.

आइसलंडमध्ये हीच गोष्ट आणखी मजेशीर आहे. तिथे जुन्या नॉर्स देवांची उपासना करणारी संस्था 1972 मध्ये निघाली आणि वर्षभरात सरकारमान्य झाली. तिचे हल्लीचे प्रमुख हिल्मार ओर्न हिल्मार्सन यांनी बाहेरच्या पत्रकारांना साफ सांगितलं की आठ पायांच्या घोड्यावर बसून फिरणारा एकडोळ्या माणूस खरंच आहे, असं आमच्यात कोणी मानत नाही. या कथा रूपकं आहेत. उलट तेराव्या शतकात या कथा लिहून ठेवणारा स्नोरी स्टुर्लुसन हा ख्रिस्ती, आणि त्याने या एकडोळ्या देवाला, ओडिनला, खराखुरा माणूस ठरवलं : आशियातून, ट्रॉयकडून आलेला राजा, लोकांनी पुढे देव मानलेला. म्हणजे उपासक म्हणतो देव माणूस म्हणून कधी नव्हता, आणि परधर्मी म्हणतो होता! देवाला मेलेला राजा ठरवणं हा त्याला खाली उतरवण्याचा जुना मार्ग आहे. ‘येशू नव्हताच’ म्हणणारे त्याच कामाला उलटीकडून निघतात.

हसण्याआधी आपल्या घरातही डोकावू. 1894 मध्ये निकोलस नोटोविच या रशियन प्रवाशाने जाहीर केलं की लडाखच्या हेमिस मठात येशूच्या भारतातल्या वास्तव्याची पोथी आपण पाहिली. पुढच्याच वर्षी आग्र्याचे एक प्राध्यापक तिथे गेले. मुख्य लामांनी अशी पोथी नाही म्हणून सांगितलं. तरी येशू काश्मिरात अजून फिरतोच आहे. आणि बाबाराव सावरकरांनी 1946 साली मराठीत पुस्तक लिहून ख्रिस्त हा जन्माने तमिळ हिंदू होता असं मांडलं. कोणाला येशू नकोच असतो, कोणाला तो आपला हवा असतो. पुराव्याकडे दोघंही सारखंच दुर्लक्ष करतात.

आता त्या बाईंशी बोलण्याचं. ‘पेगन’ या शब्दाला त्या रागावणार नाहीत. मूळ लॅटिन शब्दाचा एक अर्थ आपल्या ‘गावंढळ’च्या जवळचा आहे, पण त्यांनी तो अभिमानाने उचलला आहे. ‘विच’चंही तेच. मात्र घरी आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर सांगताना त्याचं ‘चेटकीण’ असं भाषांतर करू नका. इथे तो शब्द हौसेने लावून घेतात. आपल्याकडे तो लागला की बाई गावाबाहेर जाते, मार खाते. त्यासाठी महाराष्ट्राला 2013 मध्ये कायदा करावा लागला, आणि तो होण्याआधी आमच्या साताऱ्याच्या डॉ. दाभोलकरांचा खून झाला. एका शब्दाला दोन देशांत इतकी वेगळी वजनं असतात. विक्कन म्हणा, पुरे.

मुलाला वादात हरवायला जाऊ नका. त्याला एक काम द्या, मी नववीला द्यायची ते. आपल्या पणजीच्या आईचं नाव काढ आणि ती होती हे सिद्ध कर. घरच्यांच्या आठवणी चालणार नाहीत, कागद हवा. बहुतेक पोरं दोन दिवसांत रडकुंडीला येतात. कोणाकडे शेताचा सात-बारा निघतो, त्यावर फक्त पुरुषांची नावं. एका पंजाबी मुलीला शेवटी एका पितळी परातीच्या काठावर कोरलेलं नाव सापडलं होतं. परात घेऊन ती शाळेत आली आणि तासभर कोणाच्या हातात देईना.

त्या बाईंकडे चहाला गेलात तर येशूचं काढूच नका. विचारा, "म्हातारी डोरोथी खरंच चेटकीण होती का हो?" अंबाल्याचं तुम्ही सांगा, डायऱ्यांचं त्या सांगतील. तेवढा तासभर मोकळा ठेवून जा.